विंच की होइस्ट? गॅरेजच्या माळ्यावर सामान चढवण्याआधी

अमेरिकेत, विशेषतः टेक्सासकडच्या उपनगरांत, गॅरेजच्या वर बऱ्याचदा एक माळा असतो आणि तिथे चढायला छतातून खाली उघडणारी घडीची शिडी. भारतवारीच्या रिकाम्या बॅगा, गणपतीचं मखर, आकाशकंदील, नाताळचं झाड, धाकट्याचा पाळणा असं सगळं तिथे जातं. एका हाताने शिडी धरून दुसऱ्या हाताने खोकं डोक्यावर तोलायचं, हा खेळ चाळिशीनंतर नकोसा होतो. मग 'एक मोटर बसवून टाकू' असं ठरतं. ऑनलाइन शोधलं की दोन वस्तू शेजारीशेजारी दिसतात. दोन्हींना मोटर, दोर गुंडाळायचा ड्रम, दोर आणि टोकाला हुक. एकीचं नाव विंच, तिच्यावर 2,500 पौंड लिहिलेलं. दुसरा होइस्ट, त्याच्यावर जेमतेम 440. साहजिकच हात विंचकडे वळतो.

तिथेच थांबा. विंच ओढण्यासाठी असते, होइस्ट उचलण्यासाठी. चिखलात रुतलेली गाडी विंचने ओढताना मोटर मध्येच थांबली तर गाडी आपल्या चाकांवर तिथेच उभी राहते, फार तर थोडी मागे सरकते. छताला टांगलेल्या खोक्याला खाली जमीन नसते. त्यामुळे मोटर किती जोर लावते हा इथे दुय्यम प्रश्न आहे. मोटर थांबल्यावर वजन कशाच्या भरवशावर लटकतं, हा खरा प्रश्न.

भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये चेन पुली ब्लॉक पाहिला असेल तर होइस्ट कसा विचार करतो हे लगेच कळेल. फिटर हाताची साखळी ओढत जातो, आतून कटकट आवाज येत राहतो, आणि अर्ध्यावर साखळी सोडून तो खुशाल तंबाखू मळायला लागला तरी साखळीला टांगलेलं इंजिन जागचं हलत नाही. ती कटकट म्हणजे दातेरी चाकावरून घसरत जाणारी खिट्टी. वजन खाली येऊ पाहतं तेव्हा तीच खिट्टी चाकाला अडवते, आणि वजनाच्या ओढीनेच आतला स्क्रू आवळला जाऊन घर्षणाच्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात. वजन जितकं जास्त तितकी पकड घट्ट. खाली उतरवायचं तर साखळी उलटी ओढून ती पकड मुद्दाम सैल करावी लागते. म्हणजे काहीच केलं नाही तर वजन थांबलेलंच राहतं.

विजेच्या छोट्या होइस्टमध्ये हेच काम स्प्रिंग करते. वीज आली की ब्रेक सुटतो, वीज गेली की स्प्रिंग त्याला दाबून धरते. वादळात लाइट गेले, बटणावरून बोट निसटलं, कोणी प्लग उपटला, तरी खोकं आहे तिथेच लटकत राहतं.

जीप किंवा एटीव्हीच्या पुढे बसवायच्या 12 व्होल्टच्या बऱ्याच स्वस्त विंचमध्ये असा वेगळा ब्रेक नसतो. मोटर आणि गिअर उलटे फिरायला जो विरोध करतात त्यावरच भागवलेलं असतं. मग वजन कळेल न कळेल असं खाली सरकत राहतं. महागड्या विंचमध्ये ड्रमच्या आत ब्रेक असतो, पण वजन लावून दोर सोडत गेलं की तो तापतो, आणि दोर सिंथेटिक असेल तर तापलेल्या ड्रमला चिकटलेले वेढे खराब होतात. माळ्यावरून सामान उतरवणं म्हणजे दर वेळी नेमकं हेच. म्हणूनच अशा विंचच्या माहितीपुस्तकात वजन उचलायला वापरू नका, अशी ताकीद असते. अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेची, म्हणजे एएसएमईची, मानकंसुद्धा वेगळी आहेत: टांगत्या होइस्टसाठी एएसएमई बी30.16, विंचसाठी बी30.7. भारतात हाताच्या चेन पुली ब्लॉकला आयएस 3832 हे भारतीय मानक आहे.

आता त्या 2,500 च्या आकड्याकडे येऊ. तो ड्रमवरच्या अगदी पहिल्या थराचा आहे. दोराचे थर एकावर एक चढत गेले की ड्रमचा घेर वाढतो आणि ओढ घटत जाते. विंचवर समजा 50 फूट दोर आहे आणि तुमच्या माळ्याची उंची 10 फूट. म्हणजे 40 फूट दोर कायम गुंडाळलेलाच राहणार आणि तुम्ही सदैव वरच्याच थरांवर काम करणार. त्यातही खोकं सगळ्यात उंच असतं तेव्हा ड्रम सगळ्यात जाड आणि ओढ सगळ्यात कमी. साखळीच्या होइस्टला ही कटकट नाही, कारण साखळी थर न करता खाचांच्या चाकावरून नुसती पुढे सरकते.

एवढं असूनही विंचच्या अंगात गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोर उरतोच, आणि माळ्यापाशी तो कामाचा नसून घातक आहे. होइस्टच्या दोरावर एक गोळा किंवा ठोकळा असतो. हुक वर पोचला की तो गोळा एका दांडीला धडकतो आणि मोटर बंद पडते. साध्या विंचला अशी दांडी नसते. खोकं तुळईला अडलं तरी ती ओढतच राहणार, आणि दोर, हुक, लाकूड यांपैकी जे आधी हार मानेल ते तुटणार.

बसवण्याच्या जागेतही फरक आहे, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. होइस्ट थेट वर टांगतात. 200 पौंडांचं सामान असेल तर छतावर 200 पौंड आणि होइस्टचं स्वतःचं वजन येतं. विंच बहुतेक जण भिंतीवर खाली बसवतात आणि दोर छताच्या कप्पीवरून फिरवून आणतात. तेव्हा कप्पीच्या एका बाजूला सामान 200 पौंडांनी खाली खेचत असतं आणि दुसऱ्या बाजूला विंचही तितक्याच जोराने खाली खेचत असते. छताच्या हुकावर येतात जवळजवळ 400 पौंड. सामान तेच, भार दुप्पट.

आणि हे छत म्हणजे काही वाड्याचं सागवानी आढं नव्हे. अमेरिकेतल्या नव्या घरांचं छत बहुधा 24 इंचांच्या अंतरावर बसवलेल्या ट्रसचं, म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या त्रिकोणी चौकटींचं असतं, आणि ट्रसच्या खालच्या पट्टीचं काम मुख्यतः ती चौकट ताणून धरण्याचं. तिथल्या निवासी बांधकामाच्या नमुना संहितेत, म्हणजे आयआरसीत, सामान ठेवायचं नसलेल्या माळ्यासाठी दर चौरस फुटाला 10 पौंड भार धरतात, मर्यादित सामानासाठी 20. प्लायवुडची एक 4 बाय 8 ची शीट म्हणजे 32 चौरस फूट. पहिल्या हिशोबाने तिच्यावर 320 पौंड, म्हणजे विमानाला चालणाऱ्या 23 किलोच्या भरलेल्या सहा बॅगा. सातवी चढवली की हिशोब संपला. होइस्टचा भार एकाच ट्रसवर टाकू नका, तीन-चार ट्रसवर आडवी तुळई टाकून तिला टांगा. माळ्यावर जायचं तोंड रुंद करायला ट्रस कापायचा विचार इंजिनिअरच्या आराखड्याशिवाय मनातही आणू नका. गॅरेजकडच्या बाजूचं जिप्सम बोर्डही नुसतं शोभेला नसतं. गाडीला आग लागली तर ती घरात आणि माळ्यावर जायला वेळ लागावा म्हणून ते असतं, तेव्हा नवीन तोंडाला झाकण बसवणं आणि त्याआधी शहराच्या बांधकाम खात्याला विचारणं दोन्ही आलं.

नावावर मात्र विसंबू नका. विक्रेते दोन्ही शब्दांची सर्रास खिचडी करतात. 'इलेक्ट्रिक विंच होइस्ट' असंही लिहिलेलं सापडेल. उलट खास उचलण्यासाठी बनवलेल्या विंचही असतात. लेबलवर उभं वजन उचलण्याची क्षमता लिहिली आहे का, ब्रेक कोणता, वर आपोआप थांबतं का, हे पाहा. छोट्या होइस्टवर सहसा दोन आकडे असतात, उदाहरणार्थ 220 आणि 440 पौंड. मोठा आकडा दोर सोबतच्या कप्पीतून दुहेरी करून घेतल्यावरचा, आणि तेव्हा वेग निम्मा होतो. घरच्या सामानाला एकेरी दोरही बहुतेकदा पुरतो. ड्रमवर दोन-तीन वेढे तरी कायम शिल्लक ठेवा, नाहीतर सगळं वजन दोराच्या टोकाच्या स्क्रूवर येतं. आणि माणसाने त्यावर बसून वर जायचं नाही, मुलांनी तर नाहीच. तबला-पेटी वर ठेवायची असेल तर तेवढं राहू द्या. टेक्सासच्या उन्हाळ्यात माळ्याची भट्टी होते.

बसवून झालं की होइस्ट जितकं उचलू शकतो त्याच्या आत राहून वाळूच्या पोत्यांचं वजन लावा आणि जमिनीपासून फूटभर उचला. खाली कोणी उभं राहणार नाही हे बघा. मग बटण न दाबता थेट प्लग काढा, पोत्याच्या तळाच्या उंचीवर भिंतीला खडूने रेघ मारा आणि चहा पिऊन या. पोतं रेघेखाली उतरलं असेल तर ते यंत्र परत पाठवून द्या.