उपवासकाळ आणि वेळेचा हिशेब

ख्रिस्ती उपवासकाळ (लेंट) राखेच्या बुधवारी, म्हणजे कपाळाला राख लावण्याच्या दिवशी, सुरू होतो. तिथपासून ईस्टरच्या, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या, आदल्या दिवसापर्यंत 46 दिवस होतात. रविवारी उपवास नसतो, म्हणून सहा रविवार वगळायचे आणि 40 धरायचे. या दिवसांत कोणी काय सोडलं याचीच चर्चा जास्त होते : मटण, दारू, अलीकडे मोबाइल. चिंतनासाठी वेळ काढण्याची बाजू मागे पडते. खरं तर तीही तितकीच जुनी आहे, आणि एके काळी ती कोणाच्या मर्जीवर सोडलेली नव्हती.

सुरुवातीला उपवास फार छोटा होता. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस लिऑनचे (आजच्या फ्रान्समधलं शहर) बिशप, म्हणजे तिथले प्रमुख धर्मगुरू, इरेनियस लिहितात की कोणी एक दिवस उपास करतो, कोणी दोन, कोणी सलग 40 तास. चाळीस दिवसांचा काळ चौथ्या शतकात रूढ झाला; 325 साली निकेयाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेच्या नियमांत त्याचा ओझरता उल्लेख येतो. ईस्टरला बाप्तिस्मा (ख्रिस्ती धर्मात प्रवेशाचा विधी) घेणाऱ्यांची तयारी याच दिवसांत होई. त्या शतकाच्या अखेरीस जेरुसलेमला गेलेल्या एगेरिया या यात्रेकरू बाईने पाहिलं ते असं : सकाळी रोज तीन तास बिशप या उमेदवारांना पवित्र शास्त्र उलगडून सांगत, तेही उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून.

वेळेचा सगळ्यात काटेकोर हिशेब मात्र मठांतला. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने इटलीत लिहिलेल्या नियमावलीचं 48वं प्रकरण पाहा. उपवासकाळात सकाळपासून तिसरा तास भरेपर्यंत, म्हणजे साधारण नऊपर्यंत, फक्त वाचन. प्रत्येकाला ग्रंथालयातून एक पुस्तक मिळायचं आणि ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचं. मधली पानं गाळायची सोय नाही. शिवाय एक-दोन ज्येष्ठ मठवासी फेरी मारून पाहायचे, कोणी गप्पा मारत किंवा नुसता बसून तर नाही ना! बेनेडिक्टला माणसाचा स्वभाव चांगलाच ठाऊक होता.

अकराव्या शतकात इंग्लंडमधल्या कँटरबरीचे आर्चबिशप लॅनफ्रँक यांनी याला हजेरीपटाचं रूप दिलं. उपवासकाळाच्या पहिल्या रविवारनंतरच्या सोमवारी सभागृहात गालिच्यावर पुस्तकं मांडली जायची. गेल्या वर्षी कोणी कोणतं नेलं याची यादी वाचली जाई. नाव आलं की उठून पुस्तक परत करायचं. वाचलं नसेल तर सर्वांसमोर साष्टांग पडून चूक कबूल करायची, मग नवं पुस्तक घ्यायचं.

सामान्य माणसाला ना वाचता येत होतं, ना सवड होती. त्याच्या वाट्याला प्रवचनं आली. सवडीचा प्रश्न 1522 मध्ये झुरिकला वेगळ्याच रीतीने उफाळला. छापखानेवाले फ्रोशाउअर यांच्या घरी उपवासकाळात मांस वर्ज्य असूनही सॉसेज खाल्लं गेलं. त्यांचा बचाव काय, तर फ्रँकफर्टच्या जत्रेसाठी रात्रंदिवस छपाई चालली आहे, कामगारांना दमदार खाणं हवं. तिथे हजर असलेल्या धर्मगुरू झ्विंग्लीने स्वतः तुकडाही तोंडात घातला नाही, पण पुढे प्रवचनातून त्यांचीच बाजू घेतली. स्वित्झर्लंडमधल्या धर्मसुधारणेची (पोपच्या चर्चपासून फुटून निघालेल्या चळवळीची) ही पहिली मोठी ठिणगी मानतात.

कॅथलिकांत, म्हणजे पोपला मानणाऱ्यांत, चिंतनाला मठाबाहेर आणण्याचं मोठं काम स्पॅनिश संत इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेने केलं. 1548 मध्ये पोपची मान्यता मिळालेली ही साधना मुळात 30 दिवसांची. पण संसारी, कामात गुंतलेल्या माणसाने रोज तास-दीड तास काढून ती कशी करावी, हेही त्यांनी लिहून ठेवलं आहे. आज पॅरिशमध्ये (स्थानिक चर्चमध्ये) होणाऱ्या दोन-तीन दिवसांच्या तपसाधनांवर तिची छाप दिसते.

1966 मध्ये पोप पॉल सहावे यांनी सक्तीचा उपवास राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे एवढ्यावर आणला. प्रार्थना आणि दानधर्माकडे वजन सरकलं. उपवासाचं ओझं हलकं झालं, पण फेरी मारणारे ज्येष्ठही उरले नाहीत. वेळ काढायची जबाबदारी ज्याची त्याच्यावर आली. वसई आणि गोव्यात या जबाबदारीला सामुदायिक आधार आहे तो शुक्रवारच्या क्रुसाच्या वाटेचा, म्हणजे येशूच्या वधस्तंभापर्यंतच्या प्रवासातल्या प्रसंगांपाशी थांबत केलेल्या प्रार्थनेचा. या वाटेची 14 स्थानं 1731 मध्ये पोप क्लेमेंट बारावे यांनी ठरवून दिली.