फाशी सुनावली म्हणजे घरच्यांची सुटका झाली?

‘फाशी झाली, आता घरच्यांना शांतता मिळेल’ हे गोव्यातही हमखास ऐकू येतं. ते खरं नाही. मडगावच्या सत्र न्यायालयाने दिलेली फाशी पर्वरीच्या उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. पुढे सर्वोच्च न्यायालय, फेरविचार, दयेचा अर्ज. दर पायरीवर तोच शवविच्छेदन अहवाल, त्याच बातम्या. जखमेवर खपली धरायला उसंतच नाही. निर्भया प्रकरणात सप्टेंबर २०१३ ला शिक्षा झाली, अंमलबजावणी २० मार्च २०२० ला. आणि दोषीची आई? गुन्हा तिने केलेला नसतो. दयेचा अर्ज फेटाळल्याचं कळल्यावर तिच्या हाती किमान १४ दिवस उरतात. पीडित कुटुंबाने भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. त्यासाठी फाशीची वाट पाहावी लागत नाही.