सी-एक्स७५: तयार होऊनही न आलेली जॅग्वार

पॅरिसच्या २०१०च्या मोटार प्रदर्शनात ज्या गाड्यांनी गर्दी खेचली, त्यांतल्या बऱ्याच पुढे कधी विक्रीला आल्याच नाहीत. लोटसने एका दमात पाच नव्या गाड्या मांडल्या होत्या, पाचही बारगळल्या. ऑडीच्या क्वात्रो कॉन्सेप्टच्या उत्पादनाची चर्चा काही काळ चालली आणि मग विरून गेली. पण त्या प्रदर्शनातल्या ज्या गाडीचं नाव निघालं की गाडीवेडी मंडळी आजही हळहळतात, ती जॅग्वारची सी-एक्स७५.

या हळहळीला तिचं रूप कारणीभूत आहेच, पण तेवढंच नाही. बहुतेक कॉन्सेप्ट गाड्या प्रदर्शनापुरत्या घडवलेल्या असतात. आत यंत्रणा असली तरी ती मंचापर्यंत गाडी नेण्याइतकीच. अशी गाडी आली नाही तर वाईट वाटतं, पण नेमकं काय गेलं ते सांगता येत नाही. सी-एक्स७५ मात्र जाहीर झाली, तिची किंमत आणि संख्या ठरली, तिचे चालते नमुने तयार झाले, पत्रकारांनी ते चालवले. काय गमावलं ते इथे आकड्यांत मांडता येतं.

आधी त्या काळची जॅग्वार पाहू. जून २००८ मध्ये टाटा मोटर्सने फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर या दोन्ही कंपन्या २.३ अब्ज डॉलर्सना घेतल्या. काही महिन्यांतच जागतिक वित्तसंकट कोसळलं आणि महागड्या गाड्यांचा खप घसरला. हा सौदा टाटांच्या अंगाशी येणार, असं तेव्हा उघड बोललं जात होतं. २०१० पर्यंत चित्र पालटू लागलं, आणि नेमकं ते वर्ष जॅग्वार या नावाची पंचाहत्तरी होती. १९३५ मध्ये 'एसएस जॅग्वार' म्हणून ते नाव पहिल्यांदा गाडीवर आलं होतं. डिझाइनप्रमुख इयन कॅलम यांच्या चमूला वाढदिवसाची गाडी बनवायची होती. कॅलम यांनी एक्सएफ आणि नवी एक्सजे या गाड्यांमधून जॅग्वारला जुन्या गोलसर दिव्यांच्या साच्यातून बाहेर काढलं होतं. आता त्यांना मोकळं रान मिळालं.

त्यांनी मागे वळून पाहिलं ते एक्सजे१३ या जुन्या गाडीकडे. ही जॅग्वारची पहिली मोठी हुरहूर. १९६० च्या दशकात ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीसाठी जॅग्वारने पाच लिटरचं, बारा सिलिंडरचं व्ही१२ इंजिन चालकाच्या पाठीमागे बसवलेली एक गाडी गुपचूप बनवली. आकार माल्कम सेयर यांचा, म्हणजे ई-टाइप या जॅग्वारच्याच स्पोर्ट्स कारचा आकार ज्यांनी काढला त्यांचाच. १९६६ मध्ये गाडी तयार झाली तोवर स्पर्धक पुढे निघून गेले होते, कंपनीत विलीनीकरणाची गडबड होती, आणि गाडी एकही शर्यत धावली नाही. बनली ती एकच. १९७१ मध्ये व्ही१२ ई-टाइपच्या जाहिरातपटासाठी तिला चाचणी-ट्रॅकवर आणलं, तेव्हा जॅग्वारचे चाचणीचालक नॉर्मन ड्यूइस चालवत असताना भर वेगात अपघात झाला. ड्यूइस बचावले, गाडी पुढे पुन्हा उभारण्यात आली. जॅग्वारच्या चाहत्यांना 'झाली असती तर' या वाक्याची सवय लागली ती तिथपासून.

सी-एक्स७५च्या कडा, चाकांवरचे उठाव आणि मागे ओसरत जाणारी काच यांत एक्सजे१३ ओळखू येते. पण खरं धाडस आत होतं. चार चाकांना चार विद्युत मोटारी, प्रत्येकी १४५ किलोवॉटची. एकत्रित ताकद ५८० किलोवॉट, म्हणजे पावणेआठशे अश्वशक्तीच्या आसपास. या मोटारींना वीज पुरवायला लिथियम-आयन बॅटरी, आणि बॅटरी भरायला पाठीमागे काचेखाली दिसतील असे दोन छोटे गॅस टर्बाइन, म्हणजे जेट विमानाच्या इंजिनाच्या जातीची यंत्रं. ब्लेडन जेट्स या ब्रिटिश कंपनीचे हे टर्बाइन प्रत्येकी ७० किलोवॉटचे, मिनिटाला ८०,००० फेरे घेणारे. नुसत्या बॅटरीवर ११० किलोमीटर आणि टर्बाइनच्या मदतीने ९०० किलोमीटर असा पल्ला कंपनीने सांगितला. शून्य ते शंभर ३.४ सेकंदांत, कमाल वेग ताशी ३३० किलोमीटर.

टर्बाइनची ही कल्पना चमत्कारिक वाटते, पण तिच्यामागे साठ वर्षांचा इतिहास होता. १९५० मध्ये रोव्हरने 'जेट१' ही टर्बाइनवर चालणारी गाडी बनवली. रोव्हर आणि बीआरएम या शर्यतसंघाची टर्बाइन गाडी १९६३ मध्ये ल मान्सला धावली. त्याच वर्षी अमेरिकेत क्रायस्लरने पन्नास टर्बाइन गाड्या सामान्य कुटुंबांना काही महिने वापरायला देण्याची योजना सुरू केली, आणि प्रयोग संपल्यावर त्यांतल्या बहुतेक स्वतःच मोडीत काढल्या. या सगळ्यांची अडचण एकच होती. टर्बाइनला एका ठरावीक वेगाने फिरत राहायला आवडतं. रस्त्यावरच्या गाडीला मात्र क्षणात वेग वाढवावा लागतो, क्षणात कमी करावा लागतो, सिग्नलला थांबावं लागतं. पाय दाबला की टर्बाइन प्रतिसाद द्यायला वेळ घेई आणि गाडी उभी असतानाही इंधन पीत राही.

सी-एक्स७५ मध्ये टर्बाइनचा आणि चाकांचा थेट संबंधच ठेवला नव्हता. टर्बाइन फक्त जनित्र फिरवणार, तेही आपल्या सोयीच्या वेगाने. चाकांची चढउतार मोटारी सांभाळणार. जुन्या प्रयोगांना अडलेली गाठ इथे सुटत होती. टर्बाइन वजनाला हलके, त्यांना पाण्याची शीतयंत्रणा लागत नाही, आणि डिझेलपासून वायूपर्यंत अनेक इंधनं त्यांना चालतात. मला तरी त्या दशकातल्या कुठल्याही कॉन्सेप्ट गाडीत याहून विचारपूर्वक मांडलेली यंत्रणा आठवत नाही.

मे २०११ मध्ये जॅग्वारने जाहीर केलं की गाडी बनणार. २५० गाड्या, फॉर्म्युला वनमधल्या विल्यम्सच्या भागीदारीत, किंमत सात ते नऊ लाख पौंड. सोबत एक वाईट बातमीही होती: टर्बाइन नसतील. ठरलेल्या मुदतीत ते तंत्र रस्त्यावरच्या नियमांना आणि रोजच्या वापराला उतरेल अशी स्थिती नव्हती. अनेक चाहत्यांच्या लेखी गाडी तिथेच निम्मी संपली.

मला ते पटत नाही, कारण टर्बाइनच्या जागी जे आलं तेही तितकंच अचाट होतं. अवघ्या १.६ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, त्यावर इंजिनात जादा हवा कोंबणारे टर्बोचार्जर आणि सुपरचार्जर दोन्ही, मिनिटाला १०,००० फेरे आणि पाचशेच्या वर अश्वशक्ती. पुढच्या आणि मागच्या आसाला यासा या ब्रिटिश कंपनीची एकेक विद्युत मोटार. सगळं मिळून साडेआठशेच्या पुढे. शिवाय काही डझन किलोमीटर नुसत्या विजेवर, आणि कार्बन उत्सर्जन किलोमीटरला शंभर ग्रॅमच्या आत ठेवण्याचं लक्ष्य. फॉर्म्युला वनमध्ये १.६ लिटरची टर्बो हायब्रिड, म्हणजे पेट्रोलला विजेची जोड असलेली, इंजिनं यायला २०१४ उजाडलं, हे लक्षात घेतलं की विल्यम्सचे अभियंते कुठल्या दिशेने विचार करत होते ते कळतं. चासी कार्बन फायबरचा. रूप जवळपास कॉन्सेप्टसारखंच राखलं होतं, आणि हे फार क्वचित घडतं.

डिसेंबर २०१२ मध्ये प्रकल्प थांबला. जॅग्वारचे तेव्हाचे जागतिक ब्रँडप्रमुख एड्रियन हॉलमार्क यांनी कारण दिलं ते असं: जगभर काटकसरीचं वातावरण असताना आठ-दहा लाख पौंडांची गाडी आणण्याची ही वेळ नव्हे. गाडी चालत नव्हती किंवा जमत नव्हती असं कुणीच म्हटलं नाही.

या कारणामागे आणखी दोन कारणं होती असं मी मानतो. पहिलं पैशांचं आणि माणसांचं. त्याच सुमारास जॅग्वार एफ-टाइप ही स्पोर्ट्स कार बाजारात आणत होती, वुल्व्हरहॅम्प्टनला नव्या इंजिनांचा कारखाना उभारत होती, एक्सई सेदान आणि कंपनीची पहिली एसयूव्ही एफ-पेस यांची तयारी करत होती. गाड्या विकून जगायचं तर हीच कामं आधी होती. त्यांतल्या एफ-पेसने पुढे जॅग्वारला खप मिळवूनही दिला.

दुसरं कारण एक्सजे२२०. या गाडीचा अनुभव माहीत नसेल तर सी-एक्स७५चा निर्णय नुसता भेकड वाटतो. १९८८ मध्ये बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात जॅग्वारने एक्सजे२२० दाखवली. अभियंता जिम रँडल आणि काही सहकाऱ्यांनी शनिवारी, फावल्या वेळात तिची सुरुवात केली होती. व्ही१२ इंजिन, चारही चाकांना ताकद. लोकांनी पन्नास-पन्नास हजार पौंड अनामत भरून नोंदणी केली. उत्पादनाची गाडी आली तेव्हा व्ही१२ जाऊन दोन टर्बोंचं व्ही६ आलं होतं, ताकद फक्त मागच्या चाकांना होती आणि किंमत बरीच चढली होती. मधल्या काळात मंदी आली. पुष्कळ ग्राहकांना माघार घ्यायची होती. प्रकरण कोर्टात गेलं. साडेतीनशे गाड्या बनवायच्या होत्या, बनल्या तीनशेहून कमी, आणि त्यांतल्या काही वर्षानुवर्षं विकल्या गेल्या नाहीत. गाडी म्हणून एक्सजे२२० विलक्षण होती. १९९२ मध्ये तिने ताशी ३४० किलोमीटरच्या पुढे मजल मारली आणि मॅक्लॅरेन एफ१ येईपर्यंत तिच्याहून वेगवान उत्पादित गाडी नव्हती. पण कंपनीच्या आठवणीत राहिली ती कोर्टातली भांडणं.

आता सी-एक्स७५ शेजारी ठेवून पाहा. प्रदर्शनात एक इंजिन, उत्पादनात दुसरं, किंमत चढती, बाहेर मंदी. जॅग्वारमध्ये निर्णय घेणाऱ्यांना हे सगळं आधी पाहिल्यासारखं वाटलं नसेल तरच नवल.

तरीही त्यांचा अंदाज चुकला, हे काळाने दाखवलं. पोर्शे ९१८ स्पायडर, मॅक्लॅरेन पी१ आणि ला फेरारी या तीन हायब्रिड गाड्या २०१३ मध्ये आल्या. पोर्शेने ९१८, मॅक्लॅरेनने ३७५, फेरारीने सुरुवातीला ४९९ गाड्या ठरवल्या होत्या. सगळ्या विकल्या गेल्या. मंदीने ज्यांचे खिसे कापले ते लोक अशा गाड्यांचे ग्राहक नव्हतेच. फेरारी आणि पोर्शेकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे श्रीमंत ग्राहक रांगेत उभे असतात आणि जॅग्वारकडे तसे नव्हते, हा मुद्दा मी मान्य करतो. पण मग अडीचशे हा आकडाही छोटाच होता. त्या त्रयीविषयी पुढे वर्षानुवर्षं लिहिलं-बोललं गेलं, त्यांच्या तुलना झाल्या, आणि त्या प्रत्येक वेळी जॅग्वारचं नाव चौथं असायला हवं होतं. विजेकडे वळणाऱ्या जगात ही कंपनी पहिल्या रांगेत होती हे सांगणारा पुरावा तिने स्वतःच गोदामात ठेवला.

टाटांच्या घरातच याचा लहानसा पडसाद पुढे उमटला. २०१७ मध्ये जिनिव्हात टाटा मोटर्सने टॅमो या नव्या नावाखाली रेसमो ही दोन आसनी, मध्यभागी इंजिन असलेली छोटी स्पोर्ट्स कार दाखवली: १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १९० अश्वशक्ती. वर्षभरात तीही गुंडाळली गेली, आणि कारण पुन्हा पैशांचं होतं. देशातल्या गाड्यांच्या धंद्यात कंपनी तोटा सोसत होती. रेसमोबद्दल आपल्याकडे हळहळणारे कमी नाहीत, मीही त्यांतलाच. पण तिचा प्रवास सी-एक्स७५ इतका पुढे गेला नव्हता.

प्रकल्प रद्द झाल्यावरही सी-एक्स७५च्या नमुन्यांवर काम २०१३च्या मेपर्यंत चालू राहिलं. एकूण पाच गाड्या ठरल्या होत्या. काही पत्रकारांना चालवायला मिळाल्या आणि त्यांनी जे लिहिलं त्याने जखम आणखी खोल केली, कारण गाडी अर्धवट वाटत नव्हती. २०१५ मध्ये जेम्स बाँडच्या एका चित्रपटात रोमच्या रस्त्यांवरच्या पाठलागात खलनायकाच्या हाती नारिंगी सी-एक्स७५ दिसली. जगातल्या बहुतेक लोकांनी ही गाडी पाहिली ती तिथेच. त्या गाड्या विल्यम्सने स्टंटसाठी वेगळ्या बांधल्या होत्या. आत जॅग्वारचं नेहमीचं पाच लिटरचं सुपरचार्ज्ड व्ही८ इंजिन होतं, हायब्रिड यंत्रणा नव्हती.

प्रकल्पातलं ज्ञान मात्र वाया गेलं नाही. २०१४ मध्ये फॉर्म्युला ई ही विद्युत गाड्यांची शर्यत-स्पर्धा सुरू झाली तेव्हा सर्व गाड्यांच्या बॅटऱ्या विल्यम्सच्या अभियांत्रिकी शाखेच्या होत्या, आणि २०१६ मध्ये जॅग्वार त्या स्पर्धेत उतरली तीही विल्यम्सच्या साथीने. दोन वर्षांनी आय-पेस ही जॅग्वारची पहिली विद्युत गाडी विक्रीला आली. यासाच्या मोटारी इतक्या नावाजल्या की २०२१ मध्ये मर्सिडीज-बेन्झने ती कंपनीच विकत घेतली.

इयन कॅलम २०१९ मध्ये जॅग्वारमधून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची डिझाइन कंपनी काढली. याच कंपनीने २०२४ मध्ये चित्रपटातल्या स्टंट गाड्यांपैकी एक घेऊन ती एका ग्राहकासाठी रस्त्यावर कायदेशीरपणे चालेल अशी करून दिली. मूळ डिझाइनरच्याच हातून दारांच्या फटी नीट झाल्या, रंग चढला, आरसे आणि काचा नियमांत बसल्या. आवाज मात्र त्या व्ही८चाच. १०,००० फेऱ्यांचं ते छोटं इंजिन आणि दोन मोटारी ज्यांत आहेत, ते मूळ नमुने जॅग्वारच्या संग्रहात आणि मोजक्या खाजगी हातांत आहेत. इतकी वर्षं थांबूनही, जाहीर झालेली ती हायब्रिड सी-एक्स७५ ज्यांना हवी होती त्यांना अजून मिळालेली नाही.