पीचच्या टोपल्या आणि फावल्या वेळाची पदवी

अमेरिकेतल्या एखाद्या कॉलेजचं माहितीपत्रक चाळताना पदवीच्या विषयांत ‘सायकॉलॉजी’च्या खाली चार-दोन ओळींवर ‘रिक्रिएशन’ दिसतं आणि आपल्याकडचा पालक तिथे हमखास थबकतो. मानसशास्त्र ठीक आहे, पण करमणुकीत बी.ए.? शंका येणारच, कारण ‘करमणूक’ हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला. १९२३ सालच्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने तिकिटावर करमणूक कर बसला आणि करमणूक म्हणजे पैसे मोजून बघायची गोष्ट, हा अर्थ पक्का झाला. ‘रिक्रिएशन’ला मला ‘विरंगुळा’ हा शब्द जवळचा वाटतो. शिणलेलं, विटलेलं मन पुन्हा ताजं होणं त्यात आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रांना ‘विरंगुळा केंद्र’ म्हणणाऱ्यांनी फार चांगलं नाव शोधलं.

हे दोन विषय शेजारी कसे आले याचा माग काढला, की आपण १८९१च्या हिवाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला पोचतो. तिथल्या वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत ल्यूथर गुलिक नावाचे तरुण डॉक्टर शारीरिक शिक्षणाबरोबर मानसशास्त्राचाही वर्ग घेत. त्या वर्गात एकदा चर्चा निघाली, की नवं म्हणून जे असतं ते जुन्याच घटकांची नवी मांडणी असते. जेम्स नायस्मिथ हा तरुण शिक्षक त्या वर्गाला बसत होता. असं असेल तर नवा खेळही तयार करता येईल, असं तो बोलून गेला. बोललेलं अंगाशी आलं. बाहेर बर्फ, आत रोजची कवायत, आणि तिला कंटाळलेले अठरा विद्यार्थी. दोन शिक्षकांनी त्या वर्गापुढे हात टेकले होते. गुलिकनी तो वर्ग नायस्मिथकडे दिला आणि दोन आठवड्यांची मुदत घातली.

नायस्मिथने आधी फुटबॉल, लॅक्रॉस असे माहितीतले खेळ जिमखान्याच्या चार भिंतींत बसवून पाहिले. धक्काबुक्की झाली, जमलं नाही. मग त्याने माणूस खेळात आडदांड कधी होतो, हे विचारात घेतलं. चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवावं लागतं, म्हणून झटापट होते. तर मग पळायचंच नाही. गोल समोर उभा असला की चेंडू जोरात हाणला जातो. तर गोल डोक्याच्या वर आडवा ठेवायचा, म्हणजे चेंडू अलगद, कमानीतून टाकावा लागेल. त्याने शिपायाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पीचच्या टोपल्या होत्या. त्या दहा फुटांवरच्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या, तेरा नियम टाइप करून फळ्यावर लावले आणि नऊ-नऊ जणांचे दोन संघ उतरवले. टोपल्यांना बूड होतं, त्यामुळे चेंडू आत पडला की शिडी लावून काढावा लागे. बास्केटबॉलचा जन्म म्हणून ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. मला मात्र ती मानसशास्त्राच्या वर्गात मिळालेल्या गृहपाठाची गोष्ट वाटते, आणि पुढचे सगळे अभ्यासक्रम तिच्यात बीजरूपाने दिसतात.

खेळाकडे असं पाहायची गरज शहरांतून आली होती. कारखान्यांच्या वस्त्यांत मुलांना रस्त्याशिवाय जागा नव्हती. १८८५ साली बॉस्टनमध्ये लहान मुलांसाठी वाळूचे ढीग टाकले गेले. ही कल्पना बर्लिनमध्ये पाहून उचललेली. १९०६ साली अमेरिकेची क्रीडांगण संघटना निघाली आणि तिचे पहिले अध्यक्ष गुलिकच. लवकरच लक्षात आलं, की मैदान देऊन भागत नाही, तिथे मुलांना खेळवणारी जाणती माणसं लागतात. १९०९ साली अशा माणसांसाठी संघटनेने रीतसर अभ्यासक्रम आखला आणि त्यात बालमानस आलंच. त्या काळी स्टॅन्ली हॉल या मानसशास्त्रज्ञाचा मोठा प्रभाव होता. मूल खेळताना मानवजातीच्या वाटचालीच्या पायऱ्या पुन्हा चढतं, असं ते मांडत. हे मत पुढे टिकलं नाही. पण खेळ हा अभ्यासाचा विषय आहे हे कॉलेजांना पटवण्याचं मोठं काम याच चुकलेल्या सिद्धान्ताने केलं, आणि त्याचं ऋण मानलं पाहिजे.

मानसशास्त्राच्या बाजूनेही पावलं पडत होती. सायकलस्वार एकटा असताना आणि कुणाच्या जोडीने असताना किती वेगाने जातो, याची नॉर्मन ट्रिप्लेटची तुलना १८९८ सालची. इलिनॉय विद्यापीठात कोलमन ग्रिफिथ यांनी १९२५ साली खेळाडूंच्या अभ्यासाची प्रयोगशाळा काढली; पैशाअभावी ती १९३२ साली बंद पडली. त्या काळच्या आर्थिक मंदीने एकीकडे हे हिरावलं आणि दुसरीकडे लाखो बेकारांच्या रिकाम्या वेळाचा प्रश्न उभा केला. सरकारी रोजगार योजनांतून उद्यानं आणि क्रीडांगणं उभी राहिली, ती चालवायला शिकलेली माणसं हवी झाली. १९३७ साली मिनेसोटा विद्यापीठात याच प्रशिक्षणावर राष्ट्रीय परिषद भरली आणि रिक्रिएशनला स्वतंत्र विषय म्हणून कॉलेजांत जागा मिळू लागली. फावला वेळ घड्याळावर ठरत नाही, आपण हे आपल्या मर्जीने करतोय या भावनेवर ठरतो, हे मानसशास्त्रज्ञ जॉन न्यूलिंगर यांनी १९७४ साली मांडलं आणि दोन्ही विषयांची गाठ पक्की झाली.

आपल्याकडे हे दोन प्रवाह वेगवेगळ्या दारांनी आले. मानसशास्त्र बराच काळ तत्त्वज्ञानाच्या पोटात होतं. त्याचा स्वतंत्र विभाग पहिल्यांदा कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली निघाला, हार्वर्डला शिकून आलेल्या नरेंद्रनाथ सेनगुप्तांच्या हाताखाली. खेळ शिकवण्याची आपली परंपरा तालमीची. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४चं. स्प्रिंगफील्डची शिकवण मात्र मद्रासमार्गे आली. स्प्रिंगफील्डचेच पदवीधर हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासला वायएमसीएची शारीरिक शिक्षणाची शाळा सुरू केली. ते कॉलेज आज चेन्नईच्या नंदनम भागात आहे.

या धाग्याला पुण्याचीही गाठ आहे. डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं पाहून दोराबजी टाटांनी १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ पाठवायचं मनावर घेतलं. पुढे देशभर क्रीडासंघटना उभ्या करायला त्यांनी वायएमसीएच्या माणसांची मदत घेतली, त्यात बक होते. १९२४ साली पॅरिसला गेलेल्या भारतीय संघाचे व्यवस्थापकही तेच. मुंबई सरकारने १९३८ साली कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था काढली. तिचे प्राचार्य पी. एम. जोसेफ १९५७ साली ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई कॉलेजचे पहिले प्राचार्य झाले आणि बारावीनंतरच्या आजच्या मुलामुलींना ओळखीची वाटेल अशी शारीरिक शिक्षणाची तीन वर्षांची पदवी तिथे सुरू झाली. विरंगुळ्याला मात्र आपल्याकडे स्वतंत्र विषयाचा मान मिळाला नाही. बी.पी.एड. या शारीरिक शिक्षणाच्या पदवीला क्रीडा मानसशास्त्राचा पेपर असतो, शिबिर असतं, आणि शिबिरात संध्याकाळी शेकोटीभोवती खेळ घ्यायची पाळी प्रत्येकावर येते.