औषधपातळी प्रयोगशाळा, सामायिक

औषधपातळी प्रयोगशाळा, सामायिक : रुग्णाने घेतलेले औषध त्याच्या रक्तात किंवा ऊतकांत किती आहे हे मोजणारी व अनेक संशोधन गटांनी मिळून वापरावयाची प्रयोगशाळा. येथे एचआयव्हीवरील औषधांपुरता, मुख्यतः मुंबईच्या संदर्भात, तिचा विचार केला आहे.

औषधपातळी मोजून मात्रा ठरविण्याचा आरंभ कोठे मानावा, याविषयी एकमत नाही. वुथ यांनी १९२७ मध्ये मनोरुग्णांच्या रक्तातील ब्रोमाइड हे शामक औषध मोजण्याची पद्धत मांडली. काही लेखक तिला पहिला मान देतात. दुसरे मत न्यूयॉर्कच्या गोल्डवॉटर रुग्णालयाकडे बोट दाखविते. तेथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शॅनन व सहकाऱ्यांनी हिवतापावरील मेपॅक्रीनची रक्तद्रवातील पातळी पाहून आधी मोठी व मग लहान मात्रा असे वेळापत्रक बसविले. तिसऱ्या मतानुसार, १९६० च्या सुमारास डेन्मार्कमध्ये बुक्थाल यांनी अपस्माराच्या रुग्णांत फेनिटॉइनची पातळी व झटके यांचा संबंध दाखविला, तेथून खरी सुरुवात होते. रुग्णशय्येजवळच्या उपचाराचा इतिहास लिहिताना तिसरे मत सोयीचे पडते. सामायिक प्रयोगशाळेचे मूळ शोधताना मात्र गोल्डवॉटरचे उदाहरण अधिक जवळचे वाटते : चिकित्सक वेगळे, आणि रसायनज्ञ ब्रॉडी यांच्यासारख्यांचे मापनाचे मेज एकच. एचआयव्हीच्या क्षेत्रात ही रचना अमेरिकेतील एड्स संशोधन केंद्रांच्या कार्यक्रमामुळे (१९८८ पासून) रुळली. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील केंद्रात औषधमापनाचा असा स्वतंत्र विभाग आहे.

रक्तद्रव वेगळा करून गोठवितात, ॲसिटोनायट्राइलने त्यातील प्रथिने खाली बसवितात आणि उरलेला द्रव मिश्रणातील घटक वेगळे करणाऱ्या वर्णलेखन स्तंभातून सोडतात. पूर्वी जंबुपार प्रकाशशोषणावरून औषध ओळखीत (एचपीएलसी, म्हणजे उच्च दाबाखालील द्रव वर्णलेखन). आता स्तंभाच्या टोकाला रेणूंच्या वस्तुमानावरून औषध ओळखणारा वस्तुमान वर्णपटमापक जोडलेला असतो, आणि ड्यूटेरियमयुक्त (जड हायड्रोजन असलेले) तेच औषध ठरावीक प्रमाणात आधीच मिसळलेले असल्याने हाताळणीतील घट भरून निघते. नियंत्रण नमुन्यांचे (औषधाचे प्रमाण आधीच माहीत असलेल्या नमुन्यांचे) मूल्य अपेक्षित मूल्याच्या १५ टक्क्यांच्या आत यावे, मोजता येणाऱ्या किमान पातळीला २० टक्के चालतात, असा संकेत आहे. एवढ्या तयारीची पद्धत प्रत्येक विभागाने स्वतःपुरती उभारणे हा अपव्ययच होय.

रक्तद्रवातील आकडा अलीकडच्या काही मात्रांपुरताच बोलतो. तपासणीच्या तोंडावर दोनचार दिवस नेमाने गोळ्या घेणाऱ्याची पातळीही चांगलीच दिसते. टेनोफोव्हीर या एचआयव्हीवरील औषधापासून तांबड्या पेशींत बनणाऱ्या टेनोफोव्हीर डायफॉस्फेटचा अर्धायुकाल सुमारे १७ दिवस असल्याने कागदावर वाळविलेल्या रक्ताच्या ठिपक्यावरून मागील कित्येक आठवड्यांचा अंदाज येतो. ठिपके पूर्ण वाळवून आर्द्रताशोषकासह बंद करावे लागतात. मुंबईच्या पावसाळ्यात ही बाब किरकोळ नाही.

स्टॅव्हुडीन, लॅमिव्हुडीन व नेव्हिरापीन या एचआयव्हीवरील तीन औषधांची एकत्रित गोळी मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ मध्ये आणली. १ एप्रिल २००४ रोजी सुरू झालेल्या एचआयव्हीवरील मोफत उपचाराच्या पहिल्या केंद्रांत जे. जे. रुग्णालय होते. मापनाची परंपरा शहरात एचआयव्हीबाहेर वाढली : परळच्या के. ई. एम. रुग्णालयात अपस्मारावरील औषधांसाठी, खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेत कर्करोगाच्या औषधांसाठी. उपकरणे व हात तेच लागतात.

येथील कळीचा प्रश्न क्षयरोगाचा आहे. क्षयरोगावरील रिफॅम्पिसीन यकृतातील औषधे मोडणारी एंझाइमे वाढविते व सोबतच्या औषधाची पातळी घसरते. नेव्हिरापीनची अशी घट मात्रा वाढवून भरून काढता येते, हे चेन्नईच्या क्षयरोग संशोधन केंद्रातील (आताची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था) मापनांनी दाखविले. डॉल्युटेग्रॅव्हीर हे एचआयव्हीवरील औषध घेणाऱ्याला रिफॅम्पिसीन चालू असेतो ५० मिग्रॅ.ची गोळी दिवसातून दोनदा देतात. शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात दोन्ही उपचार चालणाऱ्यांची गाठ नित्याची. नेहमीच्या देखरेखीत विषाणुभार (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) मोजतात. औषधपातळी संशोधनासाठी व न उलगडणाऱ्या रुग्णांसाठी राहते.

नमुन्यासोबत शेवटच्या गोळीची वेळ नोंदणे अनिवार्य असते. इफाव्हिरेन्झ या एचआयव्हीवरील औषधाची १ ते ४ मिग्रॅ. प्रतिलिटर ही प्रचलित मर्यादा गोळीनंतर ८ ते २० तासांनी घेतलेल्या नमुन्यांवरून ठरली आहे. ते झोपण्यापूर्वी घ्यावयाचे औषध. त्यामुळे सकाळच्या बाह्यरुग्ण विभागातील नमुना बहुतेकांच्या बाबतीत या अवधीत बसतो. रात्रपाळीचा रखवालदार मात्र पहाटे घरी येऊन गोळी घेतो आणि दहाच्या सुमारास रांगेत उभा असतो. त्याचा आकडा शिखराजवळचा असतो, आणि चिठ्ठीवर वेळ नसेल तर तो मंद चयापचयाचा, म्हणजे औषध शरीरात हळू मोडणारा, रुग्ण समजला जातो.