संधिवातावरील वेदनाशामक औषधे आणि जठराचे संरक्षण

सांध्यांची सूज आणि वेदना कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडविरहित दाहशामक औषधांचा जठराच्या अस्तरावर होणारा दुष्परिणाम टाळण्यासाठी किंवा मर्यादित ठेवण्यासाठी योजले जाणारे उपाय. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, इंडोमेथॅसिन, एटोरिकॉक्सिब आणि सेलेकॉक्सिब ही या गटातील प्रचारातील औषधे आहेत. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत गुडघेदुखी किंवा कंबरदुखी असलेल्या वडीलधाऱ्या माणसांच्या घरी यांपैकी एखादी गोळी बहुधा असतेच, आणि ती ‘दुखण्याची गोळी’ एवढ्याच नावाने ओळखली जाते.

दाहाच्या ठिकाणी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात व त्यांमुळे सूज आणि वेदना निर्माण होते. ॲस्पिरिनसारखी औषधे या द्रव्यांची निर्मिती रोखतात, हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवून दिले आणि त्यांना 1982 च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. परंतु हीच द्रव्ये जठरात संरक्षणाचे कामही करतात : त्यांच्यामुळे अस्तरावर श्लेष्माचा (चिकट स्रावाचा) थर टिकतो, आम्लाला निष्प्रभ करणारे बायकार्बोनेट स्रवते आणि अस्तराचा रक्तपुरवठा सुरळीत राहतो. गोळीने सांध्यातील प्रोस्टाग्लँडिन घटते तेव्हा जठरातीलही घटते, आणि जठर स्वतःच्याच आम्लापुढे उघडे पडते. एटोरिकॉक्सिब व सेलेकॉक्सिब जठरातील द्रव्यांना तुलनेने कमी धक्का लावतात, मात्र हृदयविकार असलेल्यांत त्यांचा वापर जपून करावा लागतो. याच गटातील रोफेकॉक्सिब हे औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे 2004 मध्ये बाजारातून मागे घेण्यात आले.

औषध रक्तात शिरल्यावर घडणारी ही क्रिया असल्यामुळे ‘चार घास खाऊन गोळी घेतली की पोटाला काही होत नाही’ ही सर्वत्र रूढ असलेली समजूत अपुरी ठरते. जेवणानंतर गोळी घेतल्याने मळमळ आणि जळजळ कमी होते, म्हणून ती तशीच घ्यावी. व्रण (अल्सर) होण्याचा धोका मात्र त्याने टळत नाही. इंजेक्शन घेतले किंवा औषध गुदमार्गाने दिले तरी तो धोका राहतोच. पोटात आग पडली नाही म्हणजे पोट सुरक्षित आहे, असाही निष्कर्ष काढता येत नाही. विशेषतः वृद्धांमध्ये व्रणाची पहिली खूण थेट रक्तस्राव हीच असू शकते, कारण वेदना दाबणारे औषध व्रणाची वेदनाही दाबून टाकते.

65 वर्षांवरील वय, पूर्वी झालेला जठरव्रण, हृदयासाठी चालू असलेली 75 मिलिग्रॅमची ॲस्पिरिन, रक्त पातळ करणारी औषधे, स्टेरॉइड आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी या जीवाणूचा संसर्ग यांमुळे धोका वाढतो; यांतील दोन-तीन बाबी एकत्र आल्यास तो बराच वाढतो. हृदयाची ॲस्पिरिन मात्र रुग्णाने स्वतःच्या मनाने बंद करू नये. दोन वेगळ्या डॉक्टरांकडून दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या आणल्या जातात आणि दोन्हींत याच गटातील औषध असते, हा प्रकार नेहमी आढळतो. त्यासाठी वेष्टनावरील ठळक व्यापारी नाव सोडून त्याखाली बारीक अक्षरांत छापलेले औषधाचे मूळ नाव वाचावे किंवा मेडिकलवाल्याकडून वाचून घ्यावे. सांधेदुखीवर ‘हमखास’ म्हणून विकल्या जाणाऱ्या निनावी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. अशा पुडीबरोबर दुखण्याची गोळी घेणे फार घातक आहे.

जठराच्या संरक्षणासाठी ओमेप्राझोल, पँटोप्राझोल किंवा राबेप्राझोल ही आम्लनिर्मिती रोखणारी औषधे दिली जातात. यांनाच लोक ‘पित्ताची गोळी’ म्हणतात. ती सकाळी न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी, उपाशीपोटी घ्यायची असते आणि दुखण्याची गोळी खाण्यानंतर. दोन्ही एकदमच गिळण्याची सवय असेल, तर ती बदलण्यासारखी आहे. दुखण्याची गोळी चालू असेल तितके दिवस पित्ताची गोळीही रोज चालू ठेवावी लागते, जळजळ झाली त्या दिवसापुरती नव्हे. पातळ अँटासिडने जळजळ शमते, पण व्रणापासून संरक्षण मिळत नाही. आम्लरोधक गोळ्या लहान आतड्याचे रक्षण करत नाहीत, हीही त्यांची मर्यादा आहे.

म्हणून मूळ औषधच कमीत कमी मात्रेत आणि कमीत कमी दिवस घेणे, हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. झिजेमुळे गुडघा दुखत असल्यास आधी डायक्लोफेनॅकचे मलम, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजनावर नियंत्रण यांचा उपयोग करून पाहावा. आमवातात, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते त्या संधिवातात, या गोळ्या केवळ वेदना आणि सूज कमी करतात, सांध्याची हानी थांबवत नाहीत. तेथे मेथोट्रेक्सेटसारखी औषधे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली लवकर सुरू होणे गरजेचे असते.

एकादशी किंवा श्रावणातील उपवासाच्या दिवशी गोळी घ्यावी की नाही, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड या साताऱ्यातील मुक्कामांवरून पालखीबरोबर चालणाऱ्या वयस्कर वारकऱ्यांनी, तसेच उन्हात ऊसतोडणी करणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. घाम गेलेला, पाणी कमी प्यालेले आणि त्यात रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर दुखण्याच्या गोळीने मूत्रपिंडालाही अचानक इजा होऊ शकते.

डांबरासारखी काळी, चिकट शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, उभे राहताच चक्कर आणि अकारण थकवा ही रक्तस्रावाची लक्षणे होत. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते. परंतु वेदनाशामक चालू असताना तसे गृहीत धरून थांबू नये. दुखण्याची गोळी तत्काळ बंद करून, दुर्बिणीने जठर तपासण्याची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी पोहोचावे. अशी सोय मिरज, सांगली, सातारा आणि कऱ्हाड येथे उपलब्ध आहे. निघताना घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे, पुड्यांसह, सोबत घ्यावीत, म्हणजे नेमके कोणते औषध पोटात गेले आहे हे डॉक्टरांना लगेच कळते.