प्रगतिफलक (ऑनलाइन शिक्षण)

प्रगतिफलक : एकत्र बांधून दिलेल्या अनेक ऑनलाइन कोर्सच्या संचात कोणता विद्यार्थी कुठवर पोहोचला आहे, हे रकाने आणि कार्डे यांच्या साहाय्याने दाखवणारी मांडणी. शिकवणारे आणि संयोजक रोजच्या बोलण्यात तिला नुसता ‘बोर्ड’ म्हणतात. उभा रकाना म्हणजे वाटचालीचा एक टप्पा आणि कार्ड म्हणजे एक विद्यार्थी. विद्यार्थी पुढे गेला की त्याचे कार्ड डावीकडून उजवीकडे सरकते. हीच माहिती एक्सेलच्या शीटमध्येही असते, पण तिथे ती शोधावी लागते. फलकावर एकाच रकान्यात पंधरा कार्डे साचली, तर ती न शोधताही दिसतात.

एका कोर्सपुरता असा फलक क्वचितच लागतो. ‘६० टक्के झाला’ एवढे म्हटले तरी काम भागते. संच आला की गुंतागुंत वाढते. त्यातले काही कोर्स क्रमानेच करायचे असतात, काही कोणत्याही क्रमाने चालतात, एखादा कोर्स दोन संचांत सामाईक असतो आणि शेवटी बहुधा एक प्रकल्प असतो. असे संच २०१४ च्या सुमारास रूढ झाले. त्या वर्षी ऑनलाइन कोर्स देणाऱ्या कोर्सेराने ‘स्पेशलायझेशन’ आणि युडॅसिटीने ‘नॅनोडिग्री’ या नावाने असे संच आणले. तशाच एडएक्स या मंचाची ‘मायक्रोमास्टर्स’ २०१६ मध्ये आली. विद्यार्थी मधेच सोडून जाण्याचा प्रश्न त्याआधीपासूनच होता. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या खुल्या ऑनलाइन कोर्सांच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २०१७-१८ या वर्षी सहभागी झालेल्यांपैकी ३.१३ टक्के लोकांनीच कोर्स पूर्ण केल्याचे आढळले; पैसे भरून पडताळणीसह प्रमाणपत्राचा मार्ग निवडलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. संचात ही गळती दर कोर्सगणिक गुणली जाते. समजा, प्रत्येक कोर्सअखेर शंभरातले साठ जण पुढे जातात. मग चार कोर्सच्या संचात शंभराचे साठ, साठाचे छत्तीस, छत्तिसाचे बावीस आणि शेवटी तेरा उरतात. वाटेत राहिलेले सत्त्याऐंशी जण कुठे आणि का थांबले, हे शेवटचा आकडा सांगत नाही.

या मांडणीचे मूळ कारखान्यात आहे. जपानी भाषेत ‘कानबान’ म्हणजे पाटी किंवा फलक. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी १९५० च्या दशकात कानबान कार्डांची पद्धत बसवली. पुढच्या टप्प्याला माल लागेल तेव्हाच मागच्या टप्प्याने तो बनवायचा, आणि ती मागणी कार्डाने कळवायची. अमेरिकी सुपरमार्केटमध्ये रिकामे झालेले फडताळ जसे तेवढेच भरतात, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली होती. २००० नंतरच्या दशकात डेव्हिड अँडरसन यांनी ती सॉफ्टवेअरच्या कामात रुजवली, आणि २०११ मध्ये आलेल्या ट्रेलोसारख्या साधनांमुळे रकाने-कार्डांचा फलक घरोघरी पोहोचला. शिक्षणात तो तिथूनच आला. येताना एक फरक मात्र नीट समजून घ्यायला हवा होता, तो बऱ्याच ठिकाणी घेतला गेला नाही. कारखान्यातले कार्ड वस्तूचे असते आणि वस्तू आपण होऊन थांबत नाही. विद्यार्थी आजारी पडतो, कंटाळतो, नोकरी बदलतो, हवे तेवढे शिकून समाधानाने निघूनही जातो. त्यामुळे कार्ड थांबलेले दिसले म्हणजे बिघाड झाला, असा थेट अर्थ इथे लावता येत नाही.

रकाने ठरवणे हे फलकाचे खरे काम. सॉफ्टवेअर कोणते वापरायचे हा प्रश्न त्यानंतरचा. सर्वांत सोपी मांडणी म्हणजे प्रत्येक कोर्सला एक रकाना. ती पटकन उभी राहते, पण लवकरच तोकडी पडते, कारण ‘दुसरा कोर्स’ या एकाच रकान्यात काल सुरुवात केलेला आणि महिनाभर अडकलेला असे दोघेही बसतात. म्हणून अनुभवी संयोजक रकाने अवस्थांनुसार पाडतात : नाव नोंदवले, पहिला धडा उघडला, शिकणे चालू, स्वाध्याय दिला, तपासणीच्या प्रतीक्षेत, पुढील कोर्ससाठी तयार, संच पूर्ण, आणि बाजूला ‘थांबले’. कोर्सचे नाव मग कार्डावर जाते, किंवा प्रत्येक कोर्सची एक आडवी पट्टी आखली जाते. रकाना पाडताना एक कसोटी उपयोगी पडते. कार्ड या रकान्यात आले की कोणी काय करायचे, याचे उत्तर असेल तरच तो रकाना ठेवावा. ‘५० टक्क्यांच्या वर’ या रकान्यात कार्ड आल्यावर कोणालाच काही करायचे नसते. ‘नाव नोंदवले, पण धडा उघडला नाही’ या रकान्यातले कार्ड पाहून मात्र कोणीतरी त्या विद्यार्थ्याला लॉगिन जमले का, हे विचारू शकते.

टक्केवारीचा घोळ संचात विशेष वाढतो. चार कोर्सच्या एका संचात अनुक्रमे ४०, १०, १० आणि ४ धडे आहेत असे धरू. एका विद्यार्थ्याने छोटे तिन्ही कोर्स संपवले. कोर्स मोजले तर त्याची प्रगती ७५ टक्के. धडे मोजले तर ६४ पैकी २४, म्हणजे ३७.५ टक्के. दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि विद्यार्थ्याला मात्र कोणता दाखवावा, यावरून त्याची उमेद ठरते. संचात मागाहून नवा कोर्स घातला की आणखी वाईट होते : काल शंभर टक्के पूर्ण केलेला माणूस आज सकाळी ऐंशीवर आलेला असतो. यावर उपाय म्हणजे प्रवेशाच्या दिवशी संचात जे होते तेच त्या विद्यार्थ्याचे माप म्हणून गोठवायचे आणि नवा कोर्स ऐच्छिक म्हणून द्यायचा. सामाईक कोर्सचाही नियम आधीच ठरवावा लागतो. एका संचात तो पूर्ण झाला, तर दुसऱ्या संचातल्या कार्डावर तो आपोआप पूर्ण धरायचा की नाही? बहुतेक ठिकाणी धरतात आणि तेच योग्य आहे. झालेले काम माणसाकडून पुन्हा करून घेणे यासारखा हिरमोड दुसरा नाही.

कार्ड हलवते कोण, यावर फलकाचा खरेपणा अवलंबून असतो. शिक्षणाची प्रणाली विद्यार्थ्याच्या हालचालींची नोंद ठेवते आणि त्या नोंदींवरून कार्ड सरकवता येते. या नोंदींचे स्कॉर्म हे जुने आणि अजूनही सर्वत्र आढळणारे मानक. त्याच्या २००१ च्या १.२ आवृत्तीत धड्याच्या स्थितीसाठी एकच खण होता आणि ‘पूर्ण’, ‘अपूर्ण’, ‘उत्तीर्ण’, ‘अनुत्तीर्ण’, ‘नुसते चाळले’ आणि ‘सुरू नाही’ या सहांपैकी एकच शेरा त्यात बसे. पूर्ण केला पण नापास झाला, हे त्यात मांडताच येत नसे. पुढे स्कॉर्म २००४ मध्ये पूर्णता आणि यश यांचे दोन खण वेगळे झाले. २०१३ मध्ये आलेल्या एक्सएपीआय या मानकात नोंद वाक्यासारखी असते, कोणी, काय केले, कशावर केले. शिवाय एका प्रणालीबाहेरचे कामही त्यात टिपता येते. ज्या संचातले कोर्स वेगवेगळ्या ठिकाणी चालतात, तिथे याचा मोठा आधार होतो. यंत्राला जे कळते, ते यंत्रालाच हलवू द्यावे. ‘फोनवर बोलणे झाले’, ‘मुदत वाढवून दिली’, ‘परीक्षेमुळे महिनाभर थांबणार’ अशा गोष्टी मात्र माणसाने हाताने, तारखेसह लिहाव्यात. या हाताच्या नोंदी नसलेला फलक आठवडाभरात निर्जीव होतो.

आता दोन कार्डे जवळून पाहू. माहिती विश्लेषणाच्या एका संचात स्प्रेडशीट, सांख्यिकी, प्रोग्रॅमिंग आणि प्रकल्प असे चार भाग आहेत. सांख्यिकीच्या ‘शिकणे चालू’ रकान्यात दोन कार्डे शेजारी शेजारी आहेत. दोन्हींवर ‘या रकान्यात १९ दिवस’ असे लिहिलेले आहे. पहिल्या कार्डावर शेवटची हालचाल कालची, एकच चाचणी तीनदा दिलेली, गुण ४२, ४५, ४१. दुसऱ्या कार्डावर शेवटची हालचाल सतरा दिवसांपूर्वीची, चाचणी एकदाही नाही. पहिली व्यक्ती रोज येते आहे, झटते आहे, पण कुठलीतरी एक कल्पना तिच्या डोक्यात बसत नाही. तिला आठवणीचा ईमेल पाठवणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे. तिच्याबरोबर चुकलेले प्रश्न घेऊन वीस मिनिटे बसायला हवे. दुसऱ्या व्यक्तीला सांख्यिकीची अडचण आहे की नाही, हेच अजून कळलेले नाही. तिची आधी विचारपूस हवी. टक्केवारीच्या तक्त्यात ही दोघे सारखीच दिसली असती. म्हणून कार्डावर निदान तीन गोष्टी असाव्यात : रकान्यात किती दिवस, शेवटची हालचाल कधी आणि शेवटचा प्रयत्न काय. कार्ड कुठे आहे यापेक्षा ते किती दिवस तिथेच आहे, हे मार्गदर्शकाला जास्त सांगून जाते.

साचलेला रकाना प्रत्येक वेळी विद्यार्थ्यांचा दोष दाखवत नाही. ‘तपासणीच्या प्रतीक्षेत’ या रकान्यात ३६ कार्डे उभी असतील, तर तिथे विद्यार्थी आपले काम करून बसलेले आहेत आणि थांबलेली आहे ती संस्था. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगांचा नियम इथे थेट लागू पडतो : रांगेतली सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा सरासरी काळ. दर आठवड्याला १२ प्रकल्प येत असतील आणि रकान्यात ३६ कायम दिसत असतील, तर प्रत्येकाला सरासरी तीन आठवडे उत्तराची वाट पाहावी लागते आहे. तीन आठवड्यांनी आलेला अभिप्राय वाचताना विद्यार्थ्याला आपण काय लिहिले होते, हेही धड आठवत नाही. कानबानमधली ‘एका वेळी इतकीच कार्डे’ ही मर्यादा शिक्षणात या रकान्याला लावावी, म्हणजे मर्यादा ओलांडली की तपासणाऱ्यांनी बाकीची कामे बाजूला ठेवायची. शिकणाऱ्यांच्या रकान्याला ती लावू नये. दार बंद करून कोणाचे शिकणे सुधारत नाही. मात्र एका विद्यार्थ्याने एकाच वेळी किती कोर्स उघडे ठेवावेत, याची मर्यादा हितकारक ठरते. सगळे कोर्स एकदम हाती आल्यावर पाच ठिकाणी पहिला धडा होतो आणि शेवटचा कुठेच होत नाही.

लाल, पिवळा, हिरवा असे रंग देण्याची प्रथा जुनी आहे. पर्ड्यू विद्यापीठाने २००७ च्या सुमारास सुरू केलेली ‘कोर्स सिग्नल्स’ ही प्रणाली विद्यार्थ्यांना वाहतुकीच्या सिग्नलसारखे रंग दाखवत असे. ज्यांनी असे सिग्नल असलेले दोन किंवा अधिक कोर्स घेतले, ते विद्यापीठात जास्त टिकले, असा दावा तिच्याबद्दल झाला. २०१३ मध्ये त्यातली गोम उघड झाली. पहिल्या सत्रातच सोडून गेलेल्याला दुसरा कोर्स घेण्याची संधीच नव्हती. म्हणजे अधिक कोर्स घेतले म्हणून विद्यार्थी टिकले, की टिकले म्हणून अधिक कोर्स घेता आले, हे त्या तुलनेतून ठरत नव्हते. कोर्स संचाचा फलक वाचताना हीच चूक पुन्हा पुन्हा होते. तिसऱ्या कोर्सपर्यंत आलेले बहुतेक जण संच पूर्ण करतात, यावरून तिसरा कोर्स उत्तम आहे असे सिद्ध होत नाही. तुलना करायचीच तर एकाच महिन्यात प्रवेश घेतलेल्या सगळ्यांची, सोडून गेलेल्यांसकट, करावी. रंगांबाबत आणखी एक : लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे लोक, विशेषतः पुरुष, कमी नाहीत. रंगासोबत शब्द किंवा खूण हवीच. वेबवरील सुलभतेच्या मानकातही निव्वळ रंगावर अर्थ सोपवू नये असे सांगितले आहे.

विद्यार्थ्याला फलक दाखवावा का? स्वतःचे कार्ड जरूर दाखवावे. २००६ मध्ये जोसेफ नून्स आणि झेवियर द्रेझ यांनी गाड्या धुण्याच्या केंद्रावर केलेला प्रयोग यासाठी आठवावा. काही ग्राहकांना आठ शिक्क्यांचे रिकामे कार्ड दिले, काहींना दहा शिक्क्यांचे, पण त्यावर दोन शिक्के आधीच मारलेले. दोघांनाही आठच शिक्के मिळवायचे होते. रिकामे कार्ड १९ टक्क्यांनी पूर्ण केले, आधीच सुरू झालेले ३४ टक्क्यांनी. ओळख करून देणारा पहिला छोटा धडा संचाच्या प्रगतीत मोजण्यामागे हेच तत्त्व आहे, आणि तो धडा खरोखर उपयोगाचा असेल तर त्यात गैर काही नाही. सगळ्यांची कार्डे सगळ्यांना दाखवणे मात्र वेगळे. पुढे असलेल्यांना त्याने बळ मिळते, मागे पडलेल्याचे मागे पडणे चारचौघांत मांडले जाते. अमेरिकेचा १९७४ चा फर्पा कायदा आणि २०१८ पासून लागू असलेले युरोपचे जीडीपीआर नियमन यांनी विद्यार्थ्यांच्या नोंदी कोणी पाहाव्यात यावर बंधने घातली आहेत. कायदा नसता तरीही नावानिशी फलक भर वर्गात लावणे बरे नव्हे. वर्गाला दाखवायचेच असेल, तर कोणत्या रकान्यात किती जण आहेत एवढी संख्या पुरेशी असते.

सर्वांत दुर्लक्षित रकाना म्हणजे ‘थांबले’. काही फलकांवर तो नसतोच. साठ दिवस हालचाल नसलेले कार्ड आपोआप पुसले जाते आणि फलक नीटनेटका दिसू लागतो. त्यासोबत ती व्यक्ती कुठे अडली होती, हेही पुसले जाते. हा रकाना ठेवावा आणि त्यात कार्ड टाकताना दोन ओळी लिहाव्यात : कारण काय आणि पुन्हा कधी विचारायचे. कारण कळले नसेल तर ‘कळले नाही’ असेच लिहावे. परत येणाऱ्याचे कार्ड पहिल्या रकान्यात टाकू नये; ते जिथून उचलले होते तिथेच, झालेल्या कोर्सांच्या खुणांसह, ठेवावे.